अंगातली अफू

नळीचं हाड दुखतं म्हणून मी दवाखान्यात गेले होते. पाळी येऊन अकरा महिने झाले होते, पण ते काही दुखणं आहे असं मला वाटतच नव्हतं.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. केज तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव. आई-वडील दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर जातात, पाडव्याच्या आगेमागे परत येतात. घरी आजी, धाकटा भाऊ आणि एक देवणी गाय. बी.एस्सी. झाल्यावर मी अंबाजोगाईला दोघी मैत्रिणींसोबत खोली केली आणि पोलीस भरतीच्या तयारीला लागले. भरतीत मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत आलं की २० पैकी २० गुण. मैदानी चाचणी सगळी मिळून ५० गुणांची, तेव्हा त्या एका धावेवर किती अडून असतं हे तयारी करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. मी पहिल्यांदा पळाले तेव्हा ३ मिनिटं ३८ सेकंद लागले होते. वर्षभरात टायमिंग २.५७ वर आणलं.

ते कसं आणलं तेही सांगायला हवं. पहाटे साडेचारला मैदान, संध्याकाळी परत मैदान. मेसचा एक डबा दोघींत. घरून पैसे मागायची लाज वाटायची, कारण ते पैसे मुकादमाच्या उचलीतून आलेले असायचे. रात्री चहा आणि सकाळची उरलेली पोळी. उंची १५८ सेंटिमीटर, वजन पन्नासवरून बेचाळीसवर आलं. वजन उतरलं तसं पाय हलके झाले, टायमिंग सुधारलं, आणि मला वाटलं की रस्ता हाच. पाळी आधी पुढे-पुढे सरकली, मग एक महिना आलीच नाही, मग बंदच झाली. मैदानावर आम्ही मुली एकमेकींना हळूच विचारायचो, "तुझी अजून येते का?" जिची येते ती अजून पुरेशी घासत नाही, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. कपड्याचा, दुखण्याचा त्रास नाही, मैदान चुकत नाही. मी त्यात खूश होते.

पाचव्या महिन्यात आईला फोनवर कळलं आणि तिच्या धाकानं मी एका खाजगी दवाखान्यात गेले. कोणत्या ते सांगत नाही. नर्सनं बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांसमोर मोठ्यानं विचारलं, "लग्न झालंय का?" आणि हातात लघवीच्या तपासणीची डबी दिली. पाळी चुकली की आधी गरोदरपण तपासतात, आणि तपासायलाच पाहिजे, हे मला आज कळतं. पण ते चार लोकांत विचारायची गरज नव्हती. मी ती डबी ओढणीखाली धरून संडासापर्यंत गेले, ते पन्नास पावलांचं अंतर माझ्या अजून लक्षात आहे.

सोनोग्राफीत अंडाशयात बारीक बारीक गाठोळ्या दिसल्या. निदान झालं पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयात अशा गाठोळ्या दिसतात ते दुखणं. सल्ला मिळाला: भात बंद, गोड बंद, तेल कमी, व्यायाम वाढव, वजन वाढू देऊ नको. माझं वजन तेव्हा चव्वेचाळीस किलो होतं. सोबत एकवीस गोळ्यांचं पाकीट. पाकीट संपलं की चार दिवसांत अंगावरून जायचं, मी आईला फोन करायचे, "आली." तीन पाकिटं झाली, गोळ्या बंद केल्या, पाळीही गेली. गोळ्यांनी येणारा तो स्राव म्हणजे माझी पाळी नव्हतीच. गोळीतली हार्मोन्स थांबली की गर्भाशयाचं अस्तर सुटतं, एवढाच त्याचा अर्थ. माझं अंडाशय त्या सगळ्या काळात झोपलेलंच होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. भात मात्र मी इमानानं बंद केला.

मग डाव्या नळीचं दुखणं सुरू झालं. आधी पळताना, मग चालताना, मग रात्री अंथरुणातसुद्धा. मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पत्ती दिली. गोळी घेतली की दोन तास दुखायचं नाही, तेवढ्यात पळून घ्यायचं. महिनाभर असं काढल्यावर पाय टेकवेना. हाडांच्या डॉक्टरांनी लातूरला एमआरआय करायला लावलं. हाडाला ताणानं बारीक तडा गेला होता. रिपोर्ट बघता बघता त्यांनी मान वर न करता विचारलं, "पाळी नियमित आहे?" मी अकरा महिने म्हणाले. त्यांनी पेन थांबवलं आणि तिथल्या तिथे अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोग विभागाची चिठ्ठी लिहून दिली. हाडाच्या डॉक्टरला पाळीचं काय, असं मला वाटलं. पण इस्ट्रोजेन कमी पडलं की हाड झिजतं, आणि विशीत हाड भरायचं तिथे ते पोकळ व्हायला लागतं. त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

आई कारखान्यावरून खाडे करून आली. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तिनं माझा हात धरला. "पिशवीचं काही बोलले तर उठायचं. काय बी झालं तरी उठायचं." ती का घाबरली होती ते आमच्या भागातल्या कुणालाही कळेल. माझ्या मावशीची पिशवी सव्विसाव्या वर्षी काढली आहे. आमच्या गल्लीत अशा आणखी आहेत. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्या आकड्यातली एक माझ्या आईची सख्खी बहीण आहे. त्यामुळे 'बायकांचा दवाखाना' म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो.

ओपीडीत गर्दी होती, तरी मॅडमनी घाई केली नाही. दार लावून घेतलं, आईला बाहेर बसायला सांगू का असं मला विचारलं. मी राहू द्या म्हणाले. मग त्यांनी पाळीबद्दल विचारायच्या आधी वेगळंच मागितलं. "दुखण्याच्या कोणत्या गोळ्या घेतेस? पत्ती आहे का?" पर्समध्ये होती. त्यांनी ती उलटी करून बारीक अक्षरं वाचली. ट्रामाडॉल.

"ही अफूच्या गोत्रातली गोळी आहे," त्या म्हणाल्या. "अफू, मॉर्फिन, हेरॉइन, या सगळ्यांची ही लांबची बहीण. अशी औषधं महिनोन्‌महिने पोटात गेली तर बायकांची पाळी बंद पडते, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं. म्हणून विचारलं. तुझ्या पंधरा-वीस गोळ्यांनी अकरा महिन्यांची पाळी गेलेली नाही, त्या आधीच ती गेली होती. पण ही आजपासून बंद." आणि मग त्या जे बोलल्या ते मी त्या रात्री वहीत लिहून ठेवलं: "बाहेरून अफू न घेता सुद्धा हे होतं. प्रत्येकाच्या अंगात स्वतःची अफू तयार होते. तुझं तिनंच थांबवलंय, असं मला वाटतंय. तपासण्या करू, मग बोलू."

तपासण्यांना काही आठवडे गेले. थायरॉइड ठीक, प्रोलॅक्टिन ठीक. अंडाशयाला वरून हुकूम देणारी दोन हार्मोन्स, एलएच ०.८ आणि एफएसएच ३.९, इस्ट्रोजेन तळाला. गर्भाशयाचं अस्तर जेमतेम ३ मिलिमीटर. प्रोजेस्टेरॉनच्या जातीची १० मिलिग्रॅमची गोळी दहा दिवस दिली. अंगात इस्ट्रोजेन असतं तर ती थांबवल्यावर स्राव झाला असता. थेंबही नाही. अंडाशयातल्या गाठोळ्यांबद्दल मॅडम म्हणाल्या की वरून हुकूम येत नसला की कोवळी बीजं अशीच अर्धवट वाढून थांबतात, ते पीसीओडीसारखं दिसतं पण दुखणं उलट्या बाजूचं आहे. पीसीओडीत एलएच बहुधा चढा असतो. माझा तळाला होता. अंडाशयात काही बिघाड नव्हता, पिशवीत तर नव्हताच. हे ऐकल्यावर आईनं पदरानं तोंड पुसलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मला वाटतं आईला कळावं म्हणूनच त्यांनी मोटेचं उदाहरण घेतलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग असतो. तिथल्या हजार-दोन हजार पेशी जीएनआरएच हे रसायन सोडतात, पण नळासारखं सलग नाही, मोटेसारखं. एक मोट भरून आली, ओतली, परत खाली गेली. पाळीनंतरच्या पंधरवड्यात तासा-दीड तासाला एक. त्या प्रत्येक मोटेला खालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते, आणि त्यावर अंडाशय चालतं. अर्न्स्ट नोबिल या शास्त्रज्ञानं माकडिणींवर हे १९७८ साली दाखवलं: तासाला एकदा जीएनआरएच दिलं तर एलएच आणि एफएसएच सुटत राहतं, तेच सलग देत राहिलं तर बंद पडतं. आई लगेच म्हणाली, "सारखं पाणी सोडल्यावर रान चिबडतंच की." मॅडम हसल्या आणि हो म्हणाल्या.

"आणि मोटेच्या बैलांना कासरा असतो," त्या पुढे म्हणाल्या. "तो कासरा म्हणजे ही आतली अफू. विहिरीत पाणी कमी झालं की मोट हाकणारा कासरा ओढतो. तुझ्या अंगात खायला कमी, खर्चायला जास्त. मेंदूनं कासरा ओढून धरलाय. तासाला एक मोट यायची ती दिवसात दोन-चार वेळाच येत असेल. बैल मेलेले नाहीत. विहीर भर."

उपचार एवढाच होता. आठ आठवडे पळणं पूर्ण बंद, आणि खाणं.

या सक्तीच्या विश्रांतीत, गावाकडे ओसरीवर पाय लांब करून, मी मोबाईलवर या अफूबद्दल मिळेल ते वाचलं. इंग्रजी अडायचं, पण बी.एस्सी.ला रसायनशास्त्र होतं त्याचा आधार झाला. मॉर्फिनसारखी इतकी जुनी औषधं मेंदूत नेमकी कुठे बसतात हे शोधताना लोकांना प्रश्न पडला होता की मेंदूत अफूसाठी जागा आधीपासून कशी? तर ती जागा अंगातल्याच कशासाठी तरी असणार. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून ते वेगळं काढलं, फक्त पाच अमिनो आम्लांची साखळी. एन्केफॅलिन. पाठोपाठ एंडॉर्फिन आणि डायनॉर्फिन सापडली. एंडॉर्फिन या नावाचाच अर्थ 'आतलं मॉर्फिन'.

मला सगळ्यात थक्क केलं ते एका गोष्टीनं. बीटा-एंडॉर्फिन ज्या मोठ्या रेणूतून कापून निघतं, त्याच रेणूतून एसीटीएच नावाचं हार्मोनही निघतं, जे संकटाच्या वेळी मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना जागं करतं. एकाच चपट्या दगडाच्या दोन कपच्या. ताण आला की मेंदूत सीआरएच नावाचं ताणाचं रसायन वाढतं, ते या एंडॉर्फिनच्या पेशींना डिवचतं, आणि एंडॉर्फिन जीएनआरएचच्या मोटेला अडवतं. म्हणजे जगायची तजवीज आणि जन्म द्यायची तजवीज एकाच खोलीत बसून ठरते. अंग म्हणतं, आधी हे निभावू, लेकराबाळांचं पुढे बघू.

हा कासरा फक्त दुखण्यातच ओढला जातो असंही नाही. तो दर महिन्याला, धडधाकट बाईच्या अंगातही चालतो. हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी अशा आहेत की त्या तीन रसायनं सोबत बाळगतात. न्यूरोकायनिन-बी सुरुवात करतं, किसपेप्टिन जीएनआरएचला पुढे ढकलतं, आणि डायनॉर्फिन म्हणतं बस. सुरू, ढकल, बस, असं प्रत्येक ठोक्याला. बीज सुटल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि ते या अफूच्या हातूनच ठोके सावकाश करतं, तीन-चार तासांनी एक. याचा पुरावा कसा मिळाला तेही सुंदर आहे. नॅलोक्सोन नावाचं औषध आहे, अफूचा अंमल उतरवणारं. जास्त डोस झालेल्या माणसाला वाचवायला देतात. पाळीच्या उत्तरार्धात बाईला ते दिलं आणि दर पंधरा मिनिटांनी रक्त काढून बघितलं, तर एलएचचे ठोके वाढतात. तिनं बाहेरून काहीच घेतलेलं नसतं, तरी अंमल उतरतो, म्हणजे अंमल आतलाच. पाळी गेलेल्या म्हाताऱ्या बाईत मात्र तोच प्रयोग फिका पडतो, कारण अंडाशयाची हार्मोन्स नसली की ही अफूची पकडही सैल होते.

हे वाचत होते तेव्हा समोर गोठ्यात गाय होती. ती व्यायलेली होती, वासरू चार महिन्यांचं, दिवसभर सोबत. आजी रोज कुरकुरायची की गाय माजावर येईना. एके दिवशी ती भावाला म्हणाली, "वासरू तोडल्याबिगर ती माजावर येत नसती, दोन दिस तिकडं बांध त्याला." मी मोबाईलमध्ये नेमकं तेच वाचत होते. वासरू सारखं पीत असलं की गाईच्या मेंदूत हीच अफू वाढते आणि एलएच दबून राहतं. वासरू दोन दिवस दूर ठेवलं किंवा गाईला नॅलोक्सोन दिलं तर एलएच वर येतं, असे प्रयोग झालेले आहेत. मी आजीला हे वाचून दाखवलं. तिनं कौतुक केलं नाही. "मंग मी काय म्हणायले?" म्हणाली आणि वासराला ओढत पलीकडे घेऊन गेली. आजीचं ज्ञान प्रयोगशाळेच्या किती जवळ उभं होतं हे मी त्या दिवशी बघितलं, आणि तिच्याबद्दल मनात जो आदर होता तो दुप्पट झाला.

पण वाचताना एक चूकही माझी मीच सुधारली. पळाल्यावर जे हलकं, आनंदी वाटायचं ते एंडॉर्फिन, आणि त्याच एंडॉर्फिननं पाळी बंद केली, म्हणजे पळण्याच्या आनंदाचीच ही किंमत, असं मी धरून चालले होते. तसं नाही. जोरात पळल्यावर रक्तात वाढणारं एंडॉर्फिन पिट्युटरीतून येतं आणि ते मेंदूत सहज परत शिरत नाही. कासरा ओढणारं एंडॉर्फिन मेंदूच्या आतच, हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं. आणि नुसत्या पळण्यानं ते होत नाही. ॲन लाउक्स या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञ बाईंनी निरोगी मुलींवर प्रयोग केले. व्यायाम तोच ठेवून खाणं पुरेसं दिलं तर एलएचचे ठोके टिकले. खाणं तोडलं तर पाच दिवसांत ठोके कमी झाले. २००३ सालच्या त्यांच्या मांडणीत हिशोब असा आहे की व्यायामाचा खर्च वजा जाऊन, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोला दिवसाला ३० कॅलरीच्या खाली उरलं की हे सुरू होतं. मी माझा हिशोब मांडला. वहीच्या पानावर माझा आकडा वीसच्याही खाली आला. मी ते पान फाडलं नाही, अजून आहे.

कासरा ओढणारा हात एकटाही नसतो. चरबी घटली की चरबीतून येणारं लेप्टिन उतरतं, ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल चढतं, किसपेप्टिन मंदावतं. अफू हा त्यातला एक हात. हे मला पुढच्या भेटीत नीट कळलं, कारण मी शहाणपणा करून मॅडमना विचारलं, "अफूच थांबवणारी नाल्ट्रेक्सोनची गोळी मिळते, ती देऊन मोट चालू का करायची नाही?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तसे प्रयत्न झालेत; काही बायकांना बीज सुटलं, पाळी आली, काहींना काहीच फरक पडला नाही, म्हणून तो नेहमीचा उपचार झाला नाही. "आणि समज, चालू झाली. विहीर तशीच कोरडी ठेवून कासरा कापायचा का?" मी गप्प बसले.

खाणं हा उपचार ऐकायला सोपा वाटतो. मला तो ८०० मीटरपेक्षा जड गेला. एक तर भीती. वर्षभर जो भात मी शत्रू मानला तो ताटात घ्यायचा. दुसरी लाज. आई-वडील पहाटे तीनला उठून फडात जातात, थंडीत दव पडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहतात, आणि मी घरी बसून दिवसातून पाच वेळा खाते. पहिल्या आठवड्यात मी दोनदा रडले. आजीनं मला काही समजावलं नाही. ती फक्त ताटापाशी बसून राहायची. ज्वारीच्या दोन भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी त्यावर करडईचं तेल, सकाळी धपाटं आणि दही, दुपारी तिळगुळाचा लाडू, उकडलेली अंडी, रात्री झोपताना भाकरी कुस्करून दूध. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. मैदानावरच्या मैत्रिणींचे टायमिंग ग्रुपवर यायचे, मी ग्रुप बंद करून ठेवला.

त्या वर्षीचं भरतीचं मैदान माझं गेलं. ते लिहायला मला अजून जड जातं.

दोन महिन्यांनी हाड भरलं, वजन सेहेचाळीस. पळायला आठवड्यात तीन दिवस, तेही हळू, आणि आधी खाऊन. उपाशीपोटी पळायचं नाही, ही मॅडमची एकच कडक अट. पाळीचं नाव नव्हतं. पण इतर गोष्टी परत यायला लागल्या, ज्या गेल्या आहेत हेच मला कळलं नव्हतं. हाताची बोटं गार पडेनाशी झाली. केस विंचरताना कंगव्यात झुपका येणं थांबलं. झोप सलग लागायला लागली. चौथ्या महिन्यात एलएच ३.६ आला, इस्ट्रोजेन वर सरकलं होतं. मॅडमनी रिपोर्ट आईला फोनवर वाचून दाखवला, "मोट चालू झालीय, ताई." पाचव्या महिन्यात एकदोन दिवस अंड्याच्या पांढऱ्यासारखा तार येणारा स्राव दिसला. मी घाबरून फोन केला, तर त्या म्हणाल्या की बीज तयार होत असल्याची ती खूण आहे, कॅलेंडरवर तारीख लिही. मी कालनिर्णयवर लिहिली.

त्यानंतर पंधराव्या दिवशी, पहाटे, पोटात ती जुनी ओळखीची कळ आली. आजी चुलीपुढे भाकरी थापत होती. मी न्हाणीतून आले आणि तिला सांगितलं. आमच्या घरी पाळी आली की चुलीपासून लांब बसायची रीत आहे. आजी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, पिठाचे हात तसेच, आणि म्हणाली, "इकडं ये, चुलीपशी बस. गार पडशील." तव्यावरची भाकरी तिनं मला दिली, वर तूप.

पुढची अंतरं कालनिर्णयच्या मागच्या पानावर आहेत: ४१ दिवस, ३६, ३३, ३१. आता मी परत मैदानावर आहे. वजन एकावन्न. टायमिंग आज ३ मिनिटं ४ सेकंद आहे आणि खाली येतंय. वॉर्मअपनंतर नव्या मुलींशी बोलताना मी टायमिंगच्या आधी पाळीचं विचारते, हळू आवाजात, बाजूला घेऊन. दोघींना मॅडमकडे पाठवलं आहे. एकीला थायरॉइड निघालं, म्हणजे प्रत्येकीचं कारण हेच असतं असं नाही, आणि तपासल्याशिवाय ते कळतही नाही.

गेल्या पाडव्यानंतर आई कारखान्यावरून परतली तेव्हा तिला घेऊन मी मॅडमकडे शेवटचं दाखवायला गेले. मॅडमनी कॅलेंडरवरच्या तारखा बघितल्या, सहा महिन्यांनी एकदा रक्त तपासू म्हणाल्या, कागद मिटला. मी उठले. आई उठली नाही.

"मॅडम, एक इचारू का," ती म्हणाली. "फडात असताना आम्हाला बी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नव्हती. समद्या बायकांचं तसंच. आम्ही म्हणायचो, बरं झालं, एक ताप कमी. माझ्या बहिणीला तर पार चार महिने आली न्हाई, अन् मंग आली ती थांबंना. तिची पिशवीच काढली. तिला बी असंच कासरा ओढल्यावानी झालं होतं का?"

मॅडम लगेच काही बोलल्या नाहीत. बाहेर रांग होती, शिपाई दोनदा डोकावून गेला होता. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"बहिणीचे तेव्हाचे कागद आहेत का?"

"हायेत," आई म्हणाली. "पत्र्याच्या पेटीत ठेवलेत. एक बी टाकला न्हाई."

"पुढच्या सोमवारी घेऊन या. बहिणीलाही आणा."